पोच्यासकट

वजनकाटा कुडाळहून आला, एसटीच्या पार्सलात,
थर्माकोलच्या दोन गालांत दबून.
उभादांड्याला बचतगटाच्या खोलीत
आम्ही त्याच्यासाठी एक स्टूल रिकामं केलं,
स्टुलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारला,
कारण काट्यातला तो बुडबुडा
मधोमध यायला तयार नव्हता.

कोल्हापूरच्या हॉटेलची अट होती:
तिखल्याची कृती ग्रॅममध्ये हवी.
वाटी नको, पळी नको,
अंदाजाने तर नकोच नको.
हिशेबाची वही माझ्याकडे,
म्हणून वजनंही माझ्याच गळ्यात.

शेवंती मेथर तिखलं करते एका फुलपात्राने.
तेल त्यानेच, आगळ त्यानेच, पाणी त्यानेच,
आलागेला चहा पितो तोही त्यातूनच.
मी तिला समजावलं, मावशी,
दोनशे मिली म्हणजे दोनशे ग्रॅम
हे फक्त पाण्यापुरतं खरं.
बाकी प्रत्येकाचं अंग वेगळं.
बांगड्याचे कल्ले उपटत ती म्हणाली,
“तेल पाण्यार तरंगता, तां काय उगीच?
ह्यां सांगूक काटो कित्याक होयो?”

तरी फुलपात्र ठेवलं, बटण दाबलं, शून्य केलं.
खोबरेल काठोकाठ: एकशे त्र्याहत्तर.
पुसलं, पुन्हा शून्य.
आगळ, मिठाने जड झालेलं, काळंजांभळं: दोनशे सव्वीस.
काकवी तिखल्यात पडत नाही,
पण फळीवर बरणी दिसली आणि मोह झाला.
तार तुटेना, आकडा थांबेना,
शेवटी दोनशे एकोणसाठवर दम खाल्ला तिने.
मग मी खुळ्यासारखी चप्पल न घालता बाहेर गेले,
लाटेत वाकून फुलपात्रभर समुद्र आणला.
एकशे त्र्याण्णव. तळाशी चार कण वाळू.

विहिरीचं पाणी सगळ्यात शेवटी घेतलं,
जे खरं तर सगळ्यात आधी घ्यायचं असतं.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
काढलं, ओतलं, पुन्हा भरलं.
एकशे अठ्ठ्याऐंशी.

काटा खोटा की विहीर, अशी मी बघत राहिले.
मग बोटाला लागला तो पोचा,
बुडापासून दोन बोटं वर, अंगठ्याएवढा.
बाहेरची बारा मिली हवा
आत येऊन बसलेली.

“तो आधीपासून,” शेवंती म्हणाली.
तिठ्यावरच्या दुकानात ती उधारीचं तेल
ह्याच फुलपात्रात घ्यायची.
दुकानदाराला पोचा दिसत होता.
तो भरायचा काठोकाठ,
लिहायचा दोनशेचे पैसे,
आणि वर हसून विचारायचा, अजून काय?
अकरा वर्षं.

मग भांडलीस ना?
तिने हात धुतले, पदराला पुसले.
“कळला तेव्हा घराकडे येऊन बारा थेंब जास्त घातलंय.
तिखलां तेलकट झालां. पोरांनी ताटात ठेवल्यानी.”
त्यानंतर पुन्हा नाही घातलं.
जेवढं तिला कमी मिळालं
तेवढंच तिच्या हाताला पुरेसं झालं होतं,
आणि आता कोल्हापूरकरांना तीच चव हवी होती.

मी वहीत लिहिलं: खोबरेल १७३ ग्रॅम.
दुसऱ्या दिवशी फोन आला.
मॅडम, दोनशे मिलीचे एकशे चौऱ्याऐंशी होतात,
तुमचं कुठेतरी चुकलंय.
नाहीतर सरळ एकशे ऐंशी धरूया का? सोपं पडेल.
मी शेवंतीकडे पाहिलं.
ती तिरफळं निवडत होती,
बिया एकीकडे, सालं एकीकडे.
मी म्हटलं, नाही. एकशे त्र्याहत्तरच.

कारण सांगितलं नाही.
ग्रॅममध्ये ते बसलं नसतं.

संध्याकाळी चहासाठी तिने फुलपात्र उचललं,
अंगठा आपसूक पोच्यात गेला.
काटा चालूच राहिला होता.
मोकळ्या ताटलीवर लाल आकडा: उणे चौसष्ट.
एवढं त्या फुलपात्राचं स्वतःचं वजन,
जे दिवसभर मी
शून्य म्हणून धरत आले होते.